डाव्या बाजूचा तंबोरा

सरांच्या घरी एक नियम होता. स्पीकरच्या बॉक्सच्या पुढची कापडी जाळी कुणी काढायची नाही. नियम कुठं लिहून लावलेला नव्हता, पण रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यात त्यांच्या बैठकीला जमणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांत कुणाची तशी हिंमतच झाली नसती. एकदा एका नव्या माणसानं सहज बोटानं जाळीचा कोपरा उचलला, तर सर म्हणाले, "अहो, गवयाचं तोंड उघडून दात मोजता का तुम्ही?" सगळे हसले. तो माणूस पुन्हा आला नाही. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो आणि आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सरांनी मला कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं. ध्वनी हा त्यांचा लाडका विषय. निवृत्त झाल्यावर त्यांनी समोरची खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी ठेवली. सतरंजी अंथरलेली, एका भिंतीला रेकॉर्डींचं कपाट, दोन कोपऱ्यांत गुडघ्याएवढे उंच, परदेशी बनावटीचे दोन बॉक्स, आणि खोलीच्या बरोबर मध्यात एक वेताची खुर्ची. बाकीचे सतरंजीवर बसायचे आणि खुर्ची पाळीपाळीनं एकेकाला मिळायची, कारण दोन्ही बाजूंचा आवाज सारखा फक्त तिथंच येतो. खुर्चीत बसलेल्याला सर अचानक विचारायचे, "सारंगी कुठं बसलीय?" डोळे मिटून बोट दाखवायचं. बोट बरोबर पडलं की सर नुसती मान हलवायचे. त्या मान हलण्यासाठी मी चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप, पहिल्या बाकावरच्या पोरासारखा धडपडायचो. मग मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, कुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा आणायच्या. ती खाताना आम्ही ऐकलेल्या गाण्यावर असं बोलायचो की जणू आम्हीच गायलो होतो.

माझी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनमध्ये. आठ तास हातात मापाचं गेज. केसभर फरक दिसला की माल परत. सप्लायर माझ्या नावानं बोटं मोडायचे. असा हा खडूस माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी हौस डोळे झाकून घरी घेऊन आला, हे सांगताना आता माझं मलाच हसू येतं. ते हसू काही चांगलं नाही.

झालं असं की सरांनी नवे बॉक्स मागवायचं ठरवलं. जुने कुणाला द्यायचे यावर बैठकीत बरीच कुजबुज झाली. एका रविवारी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बाहेरच्याला द्यायचा जीव होत नाही रे. तू घे. तुझ्याकडं गेले म्हणजे घरातच राहिले." पुण्या-मुंबईची माणसं असे बॉक्स शोधत फिरतात आणि ते माझ्यासारख्याकडं आपल्या पायांनी चालत येत होते. भाव करायचं माझ्या मनातही आलं नाही. गुरूशी कुणी भाव करतं का?

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत मृतसाठ्याशिवाय काही उरलं नव्हतं. शहराच्या नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. आमचं घर बीड बायपासच्या पलीकडं, नव्या वस्तीत. आम्ही आलो तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती, बघता बघता तिथं इमारती उभ्या राहिल्या. इमारतीमागं एक बोअर, आणि प्रत्येक नव्या बोअरसोबत आमच्या बोअरचं पाणी आणखी खाली. गच्चीवर मोठी टाकी बसवायचं ठरलं होतं. तिचे पैसे सरांना दिले; ती राहिली आणि बॉक्स आले. बायको एवढंच म्हणाली, "तुम्हाला लई दिवसांची हौस व्हती. आणा." मग सहा महिने ती टँकरच्या पाण्यानं बादल्या भरत राहिली आणि त्याबद्दल तिनं ब्रही काढला नाही.

बॉक्स घरी लावले त्या दिवशी मी सरांनीच भेट दिलेली एक रेकॉर्ड लावली. तोडी. सुरुवातीला गाणं नाही, नुसते दोन तंबोरे, एक डावीकडं, एक उजवीकडं. खुर्ची बरोबर मध्यात ठेवली, फूटपट्टीनं अंतर मोजलं आणि डोळे मिटले. उजवा तंबोरा असा लागला की अंगावर काटा आला. डावा मात्र मागं कुठंतरी बसल्यासारखा. मी खुर्ची सरकवली. वायरी पालटल्या. अॅम्प्लिफायरची डावी-उजवी बाजू बदलून बघितली. डाव्या बॉक्समधून जो तंबोरा येई तोच दबलेला राहिला.

तेवढ्यात बायको दारात आली. तिला रागाचं नाव सांगता येत नाही, सांगायची इच्छाही नाही. ओल्या हातानं चौकटीला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्यो डाव्या अंगाचा गोधडी पांघरून बसलाय का?"

माझ्या मनात होतं नेमकं तेच ती बोलली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला.

रविवारी मी सरांना भीतभीतच विचारलं. सर हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बघ, वस्तू मोठी आहे. कान तयार व्हायला वेळ लागतो. तुझे अजून तयार नाहीत." मंडळी माना डोलवू लागली. मीही डोलवली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणले सर?" मी म्हटलं, "आपले कान तयार नाहीत म्हणाले." जरा थांबून पुढं जोडलं, "तुझे तर नाहीतच." ती भाजी निवडत राहिली.

इथं हिच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं माहेर दौलताबादच्या पायथ्याशी. घरची पेरूची आणि सीताफळाची बाग. लहानपणी वडील तिला विहिरीच्या काठावर बसवून लांब झाडांना पाणी द्यायला जायचे आणि ही आवाजावरून वडिलांना ओरडून सांगायची, "दादा, मोटर कोरडी चालली!" विहिरीत न वाकता. मोटार पाणी ओढतेय की हवा, हे तिला आवाजावरून कळायचं. आमच्या घरी ती नळाच्या बाबतीत तशीच होती. पाणी येण्याआधी पाइपातून हवा निघते, अगदी बारीक शीळ घातल्यासारखी. ती शीळ हिला स्वयंपाकघरातून ऐकू यायची आणि गल्लीत सगळ्यांच्या आधी आमची बादली नळाखाली लागायची. शेजारणी त्यावरून तिची चेष्टा करायच्या, पण तोटी सोडायची वेळ तिलाच विचारायच्या. अशा बाईला मी सांगत होतो, तुला ऐकायला येत नाही.

पुढची दोन वर्षं मी माझ्याच कानांच्या मागं लागलो. सर्दी झाली की घाबरायचो. कारखान्यात प्रेसजवळ जाताना कानात बोळे घालायला लागलो, जोडीदार हसायचे. शेवटी एका कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीकबारीक आवाज ऐकवले, मी बटण दाबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "डावा-उजवा दोन्ही उत्तम. कशाला आलात?" तो कागद मी सरांना दाखवला. सरांनी त्याची घडी केली आणि मला परत दिला. "यंत्राला संगीत कळत नाही," म्हणाले. मी तो कागद कपाटात ठेवून दिला, आणि विश्वास कुणावर ठेवला म्हणाल, तर सरांवर. मी बैठकीत बोट दाखवणं बंद केलं. खुर्चीची पाळी आली की म्हणायचो, तुम्ही बसा.

दुसऱ्या उन्हाळ्यात डावा बॉक्स खरखरायला लागला. खालचा सूर आला की आत कागद घासल्यासारखा आवाज. मी सरांना फोन केला. सर एकदम कडक झाले. "उघडायचा नाही. इथल्या कुठल्याही मेकॅनिकला दाखवायचा नाही. वाजवत राहा, मोकळा होईल." मी वाजवत राहिलो. तो मोकळा झाला नाही.

मोकळं झालं ते वेगळ्याच कारणानं. एप्रिलमध्ये आमच्या बोअरची मोटार जळाली. पाणी खाली गेलं होतं, ती कोरडी चालत राहिली. नेमकी त्या दिवशी बायको माहेरी होती, ऐकायला घरात कुणी नव्हतं. मोटार रिक्षात घालून मी चेलीपुऱ्यातल्या एका वाइंडिंगच्या दुकानात गेलो. त्या वर्षी त्या दुकानासमोर जळक्या मोटारींची रांग लागली होती. मालक साठीचे, पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. तारेचे वेढे घालता घालता ते गिऱ्हाइकाशी निम्मं मराठी, निम्मं दखनी बोलायचे. त्यांच्या डोक्यावर खिळ्याला काळे कागदी कोन टांगलेले दिसले. मी विचारलं, हे कशाचे?

"स्पीकर के हैं साब. मोटर बी वायर, स्पीकर बी वायर. कव्वालीवाले आते, बँडवाले आते. करतो मी."

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग त्यो बी दाखवा की त्यांना. खरखर ऐकून माझं डोकं दुखतं." मी म्हटलं, सर नको म्हणालेत. ती म्हणाली, "सर येतेत का हितं झोपायला?"

दुसऱ्या दिवशी मी डावा बॉक्स चादरीत गुंडाळून दुकानात नेला. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. चाचांनी, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, तो फळीवर आडवा ठेवला आणि मी काही म्हणायच्या आत दोन अंगठ्यांनी जाळी खट्कन काढली. दोन वर्षांत मी पहिल्यांदा तो कोन बघत होतो. काळा, बऱ्यापैकी नीटनेटका. मला काहीच वावगं दिसलं नाही. चाचांनी स्क्रू काढले, कोन त्याच्या लोखंडी टोपलीसकट बाहेर घेतला, उलटा केला आणि चष्मा वर सरकवला.

"अरे. ये तो मेरा हात है."

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. मागं, तार जिथं जोडली होती, तिथं लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. "मेरी बीवी की शीशी का है. मैं हर जोड पे लगाता, वायर हिलती नहीं. ये उस्मानपुरे के प्रोफेसर साब का. दो-तीन साल हुए. हैना?"

मी मान हलवली असावी.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. सरांच्या हातून आवाज जास्त झाला, डाव्याची कॉइल, कोनामागचं तारेचं वेटोळं, जळाली, कोनही फाटला. परदेशातून मागवायला वेळ लागणार होता. सर म्हणाले, इथलाच कागदी कोन बसवा, मोटारीची तार वापरा. चाचा म्हणाले होते, कोन जड आहे, तार जाड आहे, उजव्याशी जुळणार नाही, करायचे तर दोन्ही करा. "साब बोले, नक्को, एकच करा. चलेगा. वैसे बी देना है किसीको."

वैसे बी देना है किसीको. ते किसी म्हणजे मी.

चाचा पुढं बराच वेळ समजावत होते. की जुने बॉक्स घ्यायला काही हरकत नसते, लाकूड टिकतं, चुंबक टिकतं, जातो तो कोनाचा काठ, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो. की घेताना जाळी काढायची, कोन दोन्ही हातांनी हळू दाबून बघायचा, घासतो का ऐकायचं, दोन्ही कोन एकाच हातचे आहेत का पाहायचं. दोन मिनिटांचं काम. पोटासाठी रोज हेच करणारा मी फळीशी उभा राहून ते ऐकत होतो. चाचांनी चहा मागवला, तो मी तसाच ठेवला.

त्या रविवारी मी बैठकीला गेलो. सगळे जाईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण धीर निघाला नाही. रेकॉर्ड संपताच म्हणालो, "सर, डाव्याची कॉइल चेलीपुऱ्यात भरली होती ना?"

सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "कोण म्हणतं? तो मोटारवाला? त्याला काय कळतं गाण्यातलं?"

तेवढ्यात मॅडम सुशीलाच्या बशा घेऊन आल्या. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं. कौतुकानं म्हणाल्या, "त्या चाचांकडनं आणला तोच ना? अहो, रिक्षात मीच तर मांडीवर घेऊन बसले होते. लहान मुलासारखा सांभाळून आणला."

बशांचा आवाज तेवढा झाला. सरांनी रेकॉर्ड उचलली, कापडानं पुसली, आणि पुसता पुसता म्हणाले, "जुनी वस्तू घेताना बघून घ्यायची असते. तू तर इन्स्पेक्टर आहेस."

त्या वाक्यानं मी जो पेटलो, तो अजून विझलेलो नाही. "बॉक्सचं जाऊ द्या सर," मी म्हणालो. माझा आवाज चिरकत होता. "फसवायचं होतं, फसवलंत. पण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं की मी खरं बोलतोय. तरी चारचौघांत माझ्या कानांना नाव ठेवलंत. मी डॉक्टरकडं गेलो सर. माझ्या स्वतःच्या कानांना मी दोन वर्षं बहिरं समजत होतो."

सरांनी रेकॉर्ड उलटी केली आणि दुसरी बाजू लावली. बाकीचे चौघे सतरंजीकडं बघत बसले. एकानं तर डोळेही मिटून घेतले, ऐकतोय म्हणून. मी चपला घातल्या. मॅडम दारापर्यंत आल्या आणि "सुशीला तरी खाऊन जा," म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. त्या घराची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

चाचांनी पुढं दोन्ही बॉक्स एकसारखे केले. दोन्हीला एकाच जातीचे कोन, सारखी बारीक तार, दोन्हीकडं लाल ठिपका. "अब परदेसी नहीं रहे, लेकिन भाई-भाई है," म्हणाले. मी घरी आणून जागेवर ठेवले. जाळ्या लावल्या नाहीत, अजूनही लावत नाही. खुर्ची मध्यात ठेवली. तीच रेकॉर्ड, तेच दोन तंबोरे. डोळे मिटले.

उजवा लागला. डावाही लागला. सारखेच वाटले. मग वाटलं, डावा जरा मागं आहे का? पुन्हा लावलं. नाही, सारखेच आहेत. तिसऱ्यांदा लावलं तर उजवा दबका वाटला. चौथ्यांदा मला काहीच सांगता येईना. डॉक्टरांचा तो कागद कपाटातून काढून वाचला, घडी घालून परत ठेवला. खोलीत दोन चांगले बॉक्स होते, दोन चांगले कान होते, आणि मधल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी माझ्याकडून जे नेलं, ते चाचांच्या दुकानात मिळत नाही.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोथिंबीर निवडत बसली होती. मी तिला हाक मारली. "अगं, जरा ऐक ना. डावा बरोबर वाजतोय का?"

तिनं मान वर केली नाही. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"मला काय इचारता? माझे कान कुठं तयार हायेत?"

मी खुर्चीतून उठलो, पण पुढं पाऊल टाकता येईना. सर निदान मला परके होते. चूक झाली म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला गप्प केलं, मान किंचित तिरपी केली आणि कोथिंबीर खाली ठेवून लगबगीनं मोरीकडं गेली. मागून बादलीचा आवाज आला. नळात हवा आली होती. मी तंबोरे बंद करून कान देऊन उभा राहिलो, तरी ती शीळ मला ऐकू आली नाही. पाणी पडायला लागलं तेव्हा कळलं.